व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान : वडील आणि मुलीसह ऑगस्टमध्ये जाण्याचे नियोजन

रानजाई (नाशिक) :

नमस्कार. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान यंदा ऑगस्टमध्ये पाहावे असे आमच्या घरी ठरत आहे. आरक्षणे करण्यापूर्वी तिकडे जाऊन आलेल्या मंडळींचा सल्ला घ्यावा, म्हणून हा धागा काढत आहे. आम्ही चौघे आहोत : मी, माझे पती, ११ वर्षांची मुलगी आणि ६७ वर्षांचे माझे वडील. वडिलांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. एरवी प्रकृती चांगली आहे, रोज सकाळी ते नियमाने चालतात आणि श्रावणात त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा अजूनही करतात. हिमालयात मात्र आमच्यापैकी कोणीच कधी गेलेले नाही.

आमच्या हाती ९ दिवसांची रजा आहे. पहिल्या दोन दिवसांत रेल्वेने हरिद्वार, तिसऱ्या दिवशी मोटारीने जोशीमठ, चौथ्या दिवशी गोविंदघाटमार्गे पायी चढून घांगरिया हे उद्यानाखालचे मुक्कामाचे गाव, पाचव्या दिवशी उद्यान, सहाव्या दिवशी हेमकुंड साहिब हा उंचावरचा शीख गुरुद्वारा पाहून खाली गोविंदघाट, सातव्या दिवशी बद्रीनाथ आणि उरलेल्या दोन दिवसांत परतीचा प्रवास, असा आराखडा माझ्या पतींनी केला आहे. बद्रीनाथाचे दर्शन व्हावे अशी वडिलांची फार इच्छा आहे. मला वनस्पतींची आवड आहे आणि कासचे पठार मी अनेकदा पाहिले आहे, त्यामुळे माझे मन अर्थातच उद्यानात गुंतलेले आहे. हा आराखडा व्यवहार्य आहे का? ऑगस्टमधील पावसाचा रस्त्यावर किती परिणाम होतो? आणि वडिलांना घांगरियापर्यंत नेणे योग्य ठरेल का?


गिरिपुष्प (सातारा) :

रानजाई ताई, आपल्या आराखड्यातील सर्वांत मोठी उणीव अशी की, ज्या उद्यानासाठी आपण इतक्या दूर निघाला आहात त्याच्या वाट्याला ९ दिवसांतला एकच दिवस आला आहे. उद्यानात मुक्काम करण्यास किंवा तंबू ठोकण्यास पूर्ण बंदी आहे. दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचच्या आत सर्वांना बाहेर यावे लागते. घांगरियाच्या जरा वर वनखात्याची चौकी आहे. तिथून पुष्पावती नदी ओलांडून झाडीतला चढ चढत मोकळ्या कुरणांपर्यंत पोहोचायला लहान मुलीच्या पावलाने दोन-अडीच तास सहज लागतात. म्हणजे फुले पाहण्यासाठी खरोखर हाती उरतात ते चार तास. त्या चार तासांत धुके उतरून बसले, तर समोरचा डोंगर सोडाच, वीस पावलांवरचे झुडूपही दिसत नाही. ऑगस्टमध्ये असे दिवस पुष्कळ असतात, म्हणून उद्यानाला निदान दोन दिवस द्यावेत. त्यासाठी दुसरे काही वगळावे लागले तरी वगळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तारखांविषयी लिहितो. उद्यान साधारणपणे १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात खुले असते, पण या पाच महिन्यांत तिथे एकच बाग फुललेली नसते. जूनमध्ये घळींमध्ये बर्फ साचलेले असते आणि बर्फ वितळलेल्या कडेकडेने प्रिम्युला, ॲनिमोन आणि पिवळी मार्श मॅरिगोल्ड वर येतात. जुलैच्या मध्यापासून जिरेनियम आणि पोटेंटिला यांची गर्दी होते. खडकांच्या कपारीत काटेरी देठाची निळी खसखस, म्हणजे ब्लू पॉपी, पाहायची असेल तर जुलैचा उत्तरार्ध चांगला, कारण ऑगस्ट पुढे सरकतो तशी ती विरळ होत जाते. ऑगस्टमध्ये नदीकाठच्या वाळूत गुलाबी एपिलोबियम आणि कुरणांत तेरड्याचे हिमालयी भाऊबंद कमरेच्याही वर वाढलेले दिसतात. सप्टेंबरच्या मध्यानंतर फुले ओसरतात, पानांना तांबूस रंग चढतो आणि आकाश मोकळे होऊन शिखरे दिसू लागतात. फुलांची विविधता हाच आपला हेतू असल्याने जुलैचा शेवटचा आणि ऑगस्टचा पहिला आठवडा मला सर्वांत योग्य वाटतो. वनस्पतीशास्त्रज्ञांनी येथे पाचशेहून अधिक सपुष्प प्रजाती नोंदवल्या आहेत आणि त्यातील बऱ्याच याच सुमारास फुलतात.

कास पाहिलेल्या व्यक्तीला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कासच्या सड्यावर मातीचा थर इतका पातळ असतो की झाडे वितभर वाढतात आणि फुलांचा सलग गालिचा दिसतो. इथे माती खोल आहे, ओल भरपूर आहे आणि उन्हाळा अगदी थोडा, त्यामुळे सगळे काही उंच, दाट आणि एकमेकांत मिसळून वाढते. दुरून पाहिले तर हे खोरे प्रथम हिरवेच वाटते, आणि थांबून, वाकून पाहू लागल्यावर त्यातले रंग वेगळे होऊ लागतात. पुष्कळ पर्यटक भराभर चालत पहिल्या पुलापर्यंत जातात, गालिचा न दिसल्याने हिरमुसतात आणि परत फिरतात. याचे मला दर वेळी वाईट वाटते, कारण खोऱ्याचा उत्तम भाग त्याच्या पुढेच सुरू होतो. हे खोरे सुमारे ८ किलोमीटर लांब आणि २ किलोमीटर रुंद आहे. मुख्य वाटेवरून पुढे गेल्यास नदीच्या बाजूला एक फाटा जोन मार्गारेट लेग या वनस्पती-अभ्यासक बाईंच्या समाधीकडे जातो. लंडनमधील क्यू येथील वनस्पती उद्यानासाठी नमुने गोळा करत असताना १९३९ मध्ये कड्यावरून पडून त्यांचा येथे मृत्यू झाला. निदान तिथपर्यंत तरी जाच.

फ्रँक स्माइथ हा इंग्रज गिर्यारोहक १९३१ मध्ये कामेट शिखराची चढाई करून परतताना भ्यूंदार खिंडीतून या खोऱ्यात उतरला आणि त्याच्या लेखनामुळे ते जगाला माहीत झाले. भ्यूंदार आणि पुलना या गावांतील लोक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून इथे मेंढ्या चारत होते. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाल्यावर ही चराई बंद करण्यात आली. त्यानंतर पॉलिगोनम नावाची उंच, पांढऱ्या तुऱ्यांची वनस्पती इतकी फोफावली की इतर फुलझाडांची जागा ती व्यापू लागली, आणि तिचा हा फैलाव चराई थांबल्यामुळेच झाला असे काही अभ्यासकांचे मत आहे. वनखाते ती उपटून काढण्याचे काम करत असते. आपल्याला वनस्पतींची आवड आहे म्हणून हे मुद्दाम लिहिले. २००५ मध्ये नंदादेवीच्या जोडीने जागतिक वारसा म्हणून मान्य झालेल्या या खोऱ्यात निसर्गाला नुसते कुंपण घालून भागते का, हा प्रश्न त्या पांढऱ्या तुऱ्यांच्या गर्दीत उभे राहिल्यावर फार जवळचा वाटतो.


अलकनंदातीर (मूळ सांगली, सध्या देहरादून) :

वरील प्रतिसादातील फुलांविषयीचे सर्व म्हणणे मला मान्य आहे. मी रस्त्याविषयी लिहितो, कारण ऑगस्टमध्ये खरी परीक्षा डोंगर चढण्याची नसून ऋषिकेश ते गोविंदघाट या सुमारे २७० किलोमीटरच्या रस्त्याची असते.

देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे करत हा रस्ता अलकनंदेच्या काठाने वर जातो. तो रुंद करण्याचे काम झाले असले तरी पावसाळ्यात दरडी कोसळण्याचे थांबलेले नाही. श्रीनगर आणि रुद्रप्रयाग यांच्यामधील सिरोबगड, जोशीमठच्या अलीकडचा पागल नाला आणि गोविंदघाटच्या पुढे बद्रीनाथच्या वाटेवरचा लांबगड या जागा त्यासाठी प्रसिद्ध आहेत. दरड कोसळली की यंत्रे लगेच कामाला लागतात आणि पुष्कळदा काही तासांत वाट मोकळी होते, पण पाऊस थांबला नाही तर दिवस-दोन दिवसही जातात. रात्री या मार्गावर प्रवासी वाहने चालवू देत नाहीत, म्हणून दुपारी गेलेले चार तास म्हणजे अनेकदा एक पूर्ण मुक्काम वाढणे असते. आपल्या आराखड्यात राखीव दिवस एकही नाही. जाताना एक आणि येताना एक असे दोन दिवस मोकळे ठेवले नाहीत, तर सहावा दिवस उजाडेपर्यंत आपण रेल्वेच्या तिकिटाचीच काळजी करत बसाल. हरिद्वारहून सकाळी पाचला निघावे, पिंपळकोटी किंवा जोशीमठला मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी ताजेतवाने होऊन गोविंदघाट गाठावे. जोशीमठला सरकारी फलकांवर आता ज्योतिर्मठ असे नाव दिसेल. जानेवारी २०२३ मध्ये तिथे जमीन खचून अनेक घरांना भेगा पडल्या होत्या, त्यामुळे मी स्वतः कुटुंबासह जाताना पिंपळकोटीला थांबणे पसंत करतो.

दुसरी अडचण महाराष्ट्रातील मंडळींच्या सहसा लक्षात येत नाही. उत्तरेकडचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि त्याच्या पहिल्या पंधरवड्यात कावड यात्रा असते. गंगाजल नेण्यासाठी हरिद्वारला लक्षावधी कावडिये येतात, महामार्ग वळवले जातात, शहरातून मोटार बाहेर काढणे कठीण होते आणि मुक्कामाला जागा मिळत नाही. आपल्या पंचांगातील आषाढ अमावास्येच्या सुमारास ही गर्दी ओसरते, म्हणून गिरिपुष्प यांनी सुचवलेला आठवडा निवडण्यापूर्वी यंदाची आषाढ अमावास्या कोणत्या तारखेला आहे ते पाहावे आणि हरिद्वारला त्यानंतरच पोहोचावे.

बद्रीनाथ शेवटी ठेवले आहे ते मला योग्य वाटते. लांबगडजवळ रस्ता बंद झाला तर आधी बद्रीनाथला गेलेले लोक वरच अडकतात आणि उद्यान हुकते. आधी उद्यान झाले असेल, तर फार तर दर्शन पुढच्या वेळेवर जाईल. बद्रीनाथ आणि हेमकुंड या दोन्ही ठिकाणांसाठी उत्तराखंड पर्यटन विभागाची यात्रा नोंदणी आवश्यक आहे आणि ती घरबसल्या करता येते. घांगरियात पुरेल इतकी रोख रक्कम जवळ ठेवा, तिथल्या मोबाइलच्या भरवशावर पैशांचा व्यवहार सोडू नका.


वैद्य_करवीर (कोल्हापूर) :

मी फिजिशियन आहे, त्यामुळे वडिलांविषयीच्या प्रश्नाला उत्तर देतो. बद्रीनाथच्या क्रमाबाबत वरील प्रतिसादाशी माझा थोडा मतभेद आहे.

नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, गोविंदघाट सुमारे १,८०० मीटरवर, घांगरिया ३,०५० मीटरवर आणि हेमकुंड सुमारे ४,३०० मीटरवर. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा दर रात्री साधारण ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये असा वैद्यकीय संकेत आहे. आपल्या आराखड्यात मात्र एका दिवसात बाराशे मीटर वर जाऊन मुक्काम आहे आणि दोनच दिवसांनी आणखी बाराशे मीटरची चढाई आहे. हेमकुंडावर मुक्काम नसतो, त्यामुळे धोका काही अंशी कमी होतो. तरीही त्या उंचीवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो आणि तिथे पोहोचण्यासाठी ६ किलोमीटरचा खडा चढ चढावा लागतो. म्हणून हेमकुंडाचा दिवस उद्यानाच्या दोन दिवसांनंतर ठेवावा, म्हणजे तोवर शरीर ३,००० मीटरला रुळलेले असेल.

बद्रीनाथ सुमारे ३,१०० मीटरवर आहे, म्हणजे घांगरियाच्याच उंचीवर, आणि तिथे मोटारीने जाता येते. निव्वळ प्रकृतीचा विचार केला तर आधी बद्रीनाथला एक रात्र विश्रांती घेऊन मग गोविंदघाटला उतरणे आणि चालायला सुरुवात करणे वडिलांच्या दृष्टीने अधिक सुखकर आहे, कारण त्या उंचीवरची पहिली रात्र दिवसभराच्या चढाच्या थकव्यासह काढावी लागत नाही. लांबगडची अडचण खरी आहे, पण ती आदल्या दिवशी जोशीमठला चौकशी करून टाळता येते. रस्ता मोकळा असेल आणि पावसाचा इशारा नसेल तर आधी बद्रीनाथ, अन्यथा आधी उद्यान, असा निर्णय तिथेच घ्यावा असे मी सुचवीन.

रक्तदाब नियंत्रणात असेल तर केवळ वयामुळे घांगरियाला जाणे टाळण्याचे कारण नाही. निघण्यापूर्वी महिनाभर आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. रक्तदाबाची गोळी प्रवासात एकही दिवस चुकवू नये. उंचीच्या त्रासासाठी ॲसिटाझोलामाइड घेण्याचा विचार असेल तर तो स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच करावा, विशेषतः वडिलांच्या गोळीत लघवीचे प्रमाण वाढवणारे औषध असेल किंवा सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. डोकेदुखी, मळमळ आणि भूक न लागणे ही पहिली लक्षणे दिसली की त्या दिवशी आणखी वर जायचे नाही. स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागणे, तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे दिसले, तर वेळ कितीही झालेली असो, रुग्णाला ताबडतोब खाली न्यावे. सकाळी बघू असे म्हणून थांबणे अशा वेळी जिवावर बेतते. मुलीकडेही तेवढेच लक्ष असावे, कारण मुले खेळण्याच्या उत्साहात त्रास सांगत नाहीत.


रानजाई (नाशिक) :

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत त्याबद्दल मनःपूर्वक आभार. काल रात्री घरी सर्वांनी मिळून हे प्रतिसाद वाचले. यजमानांनी आणखी ३ दिवसांची रजा घेण्याची तयारी दाखवली आहे आणि येताना देहरादूनहून विमानाने यायचे ठरल्याने आणखी एक दिवस वाचेल. कावड यात्रेची गोष्ट आमच्या ध्यानीमनीही नव्हती. आषाढ अमावास्येनंतर हरिद्वारला पोहोचायचे, उद्यानाला दोन दिवस द्यायचे आणि दोन दिवस राखीव ठेवायचे हे आता नक्की झाले आहे. बद्रीनाथ आधी की नंतर, याचा निर्णय डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे तिथे गेल्यावरच घेऊ.

दोन शंका उरल्या आहेत. पुलना ते घांगरिया ही वाट मुलीला आणि वडिलांना कितपत झेपेल? आणि हेमकुंड चौघांनीही करावे की आम्ही वाटून घ्यावे?


पाऊलवाट (ठाणे) :

गोविंदघाटहून पुलनापर्यंतचे ४ किलोमीटर जीपने जाता येते. तिथून घांगरिया साधारण ९ ते १० किलोमीटर आहे आणि चढ सुमारे १,००० मीटरचा. वाट फरसबंदी, रुंद आणि वर्दळीची आहे, त्यामुळे चुकण्याची भीती नाही, मात्र पावसात दगड निसरडे होतात आणि खेचरे शेजारून जाताना माणसाने नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहावे लागते, दरीच्या बाजूला कधीही नाही. हे मुलीला आधीच नीट समजावून सांगा. सकाळी सातला पुलना सोडले तर थांबत थांबत दुपारी दोनपर्यंत घांगरिया येते. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करणाऱ्या आपल्या वडिलांना हे अंतर झेपेल असे मला वाटते. तरीही त्यांनी अर्धी वाट खेचरावरून जावे आणि उरलेली चालावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी उद्यानासाठी पाय शाबूत राहतील. उद्यानात खेचरांना प्रवेश नाही. तिथे चालणे किंवा कंडीवाल्याच्या पाठीवरील टोपलीत बसणे एवढेच पर्याय आहेत. कंडीवाले आणि खेचरवाले आसपासच्या गावांतले आणि नेपाळमधले कष्टकरी असतात. दर आधी ठरवून घ्यावा, पण एकदा ठरल्यावर वरून घासाघीस करू नये.

जून २०१३ च्या महापुरात ही वाट आणि तिच्यावरचे पूल वाहून गेले होते आणि भ्यूंदार गावाचेही मोठे नुकसान झाले होते. त्या गावातल्या लोकांनी हंगामापुरती उघडलेली चहाची दुकाने वाटेत लागतात. न्याहारी शक्य तेवढी तिथेच करा. वाटेवरचा कचरा गोळा करून खाली पाठवण्याचे कामही याच गावांची परिसर विकास समिती करते, तेव्हा बिस्किटांची वेष्टनेसुद्धा परत खाली आणावीत ही विनंती.

हेमकुंडाबाबत माझे मत असे की दोघांनी जावे आणि दोघांनी घांगरियात राहावे. पहाटे पाचला निघावे लागते, दुपारी दोनच्या सुमारास वरून खाली उतरायला सांगतात, आणि चढ सलग आहे. आपल्याला वनस्पतींची आवड असल्याने आपण स्वतः जावे, कारण ब्रह्मकमळे खोऱ्यात सहसा दिसत नाहीत. हेमकुंडाच्या वाटेवर शेवटच्या टप्प्यात, खडकांच्या उतारावर, फिकट पिवळसर कागदी पाकळ्यांसारख्या आवरणात जांभळी फुले मिटून घेतलेली ती झाडे वाटेपासून हाताच्या अंतरावर असतात. त्यांना हात लावू नये. देवाला वाहण्यासाठी ती इतकी तोडली गेली आहेत की वाटेलगतच्या झाडांना मनाई असूनही इजा होते. वरच्या गुरुद्वाऱ्यात गरम खिचडी आणि चहा सर्वांना मिळतो, आणि शेजारी तळ्याकाठी लक्ष्मणाचे छोटे मंदिरही आहे. मुलीचा फारच आग्रह असेल तर तिला खेचरावरून न्यावे, पण आदल्या रात्री तिचे डोके दुखले असेल तर नेऊ नये.

सामानाविषयी थोडक्यात लिहितो. छत्री इथे वाऱ्यात टिकत नाही, म्हणून गुडघ्यापर्यंत येणारा पाँचो प्रत्येकाला हवा. बूट नवे न घेता दोन महिने आधी घेऊन वापरलेले असावेत. पाठपिशवीतील प्रत्येक कपडा आतून प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत बांधलेला असावा, कारण घांगरियात ओले कपडे दोन दिवसांतही वाळत नाहीत.


अलकनंदातीर (मूळ सांगली, सध्या देहरादून) :

डॉक्टरसाहेबांचा मुद्दा मला पटला. रस्ता उघडा असेल तर आधी बद्रीनाथ करण्यास माझी हरकत नाही. रानजाई ताई, आपण परत विमानाने येणार आहात म्हणून एवढेच सांगतो की देहरादूनचा जॉली ग्रँट विमानतळ ऋषिकेशच्या जवळ आहे, त्यामुळे शहरात येण्याची गरज नाही. मात्र गोविंदघाटहून निघून त्याच दिवशी संध्याकाळचे विमान पकडण्याचा बेत पावसाळ्यात मुळीच करू नये. आदल्या रात्री ऋषिकेशला मुक्काम होईल अशा बेताने तिकीट काढा, आणि येतानाचा राखीव दिवस ऋषिकेशला न ठेवता घांगरिया सोडण्यापूर्वी हाती ठेवा, म्हणजे हवा खराब नसेल तर तोच दिवस उद्यानात तिसऱ्यांदा जाण्यासाठी वापरता येईल.